दगडाचा आहेर

सगळ्या जगाला माणसं चेहऱ्यावरून आठवतात, आमच्या व्याह्यांना ती दगडावरून आठवतात. कुठल्याही लग्नकार्यात कुणी पुढे येऊन "ओळखलं का?" म्हणालं, की ते डोळे बारीक करतात, समोरच्याला पायापासून वरपर्यंत न्याहाळतात आणि मग एकदम खुलतात. "हां हां, तांबूस दगड! पायरीच्या डाव्या अंगाला बसलाय तुमचा. बरं हाय ना समदं?" मी त्यांच्या लेकीचा सासरा. रेल्वेच्या कचेरीतून रीतसर निवृत्त झालेला, नांदेडात चार लोकांत ओळख असलेला माणूस. पण माझं पूर्ण नाव त्यांना अजूनही धड सांगता येत नाही. माझ्या घरचा दगड कुठे बसवला आहे, हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

त्यांचं गाव बिलोली तालुक्यात, मांजरेच्या अगदी काठावर. गावाला वरची गल्ली आणि खालची गल्ली. वरच्या गल्लीत पक्की घरं, खालच्या गल्लीत रोजमजुरी करणारी माणसं, आणि त्या गल्लीच्या टोकाला, नदीने हात लांबवला तर सहज लागेल अशा ठिकाणी आमच्या व्याह्यांचं घर. थोडीशी शेती आणि विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचा धंदा. पण त्यांचा खरा छंद म्हणजे उंची. कुठेही गेले की त्यांचा पहिला प्रश्न, "इथं पाणी कुठवर येतं?" आमच्या नांदेडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. "आठवड्यातून दोनदा येतं, नळाला," असं मी सांगितलं, तर माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिलं की मलाच माझी कीव आली. मग आपली पिशवी त्यांनी सर्वांत वरच्या खुंटीला अडकवली, चपला जिन्यातून उचलून आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि मगच निवांत होऊन चहा घेतला.

त्यांच्या घरी तर जमिनीला टेकलेली वस्तू म्हणजे विटा तेवढ्या. गहू आढ्याला, अंथरुणं आढ्याला, देवांच्या तसबिरी पार पत्र्याला टेकलेल्या. साखरेचा डबासुद्धा दोरीने वरून खाली येतो आणि चहात साखर पडली की पुन्हा वर निघून जातो. बाजेच्या चारही पायांखाली विटांचे थर रचलेले. सोयरीक जुळवायला गेलो तेव्हा त्या बाजेवर मी आणि माझे मेहुणे पाय लोंबकळवत बसलो होतो. वरपक्षाचा जो काही रुबाब असतो तो जमिनीला पाय टेकल्याशिवाय दाखवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या बैठकीत मानपानाची गोष्ट निघाली. आमच्या भागातल्या लग्नांत टॉवेल-टोपीचा आहेर म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. जो तो प्रत्येकाला टॉवेल-टोपी देतो, ती टोपी कुणी घालत नाही, तो टॉवेल अंग पुसण्याच्या लायकीचा नसतो, आणि घेणारा तीच जोडी पुढच्या लग्नात तिसऱ्याला चढवतो. मेहुण्यांनी घसा साफ करून विचारलं, "मग आमच्याकडच्या मंडळींचा टॉवेल-टोपीचा आहेर कसा करणार?"

"करायचाच न्हाई," व्याही म्हणाले. "आमच्या गल्लीत टॉवेल-टोपी बंद हाय. एकेक टोपी अशी हाय, मी तिला कितीतरी लग्नांत भेटलो. आता ती मला ओळखती. तुम्ही आम्हाला द्यायची न्हाई, आम्ही तुम्हाला द्यायची न्हाई. दगड आणायचा."

"दगड?" मेहुणे बाजेवरून घसरायचेच राहिले.

"हाव. चांगला काळा. घडवलेला असला तर मग सोन्याहून पिवळं!"

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. मागे एकदा मांजरा गल्लीत शिरली होती. खालच्या गल्लीत उंच अशी जागा एकच, गावाचा उकिरडा. पोरंबाळं, म्हातारी माणसं, शेरडं, सगळी त्या उकिरड्यावर पावसात उभी राहिली. "सरकारची बोट आली की. न्हाई आली असं मी म्हणून न्हाई राहिलो. पर बोट येईपर्यंत मानसानं उभं कुठं ऱ्हायचं, पाव्हणं?" तेव्हापासून त्यांनी गल्लीसाठी चौथरा बांधायला घेतला होता. उंच, दगडी, वर पत्र्याची शेड. गल्लीजवळ पैसा नव्हता, पण गल्लीत लग्नं होती, आणि ज्याच्या घरी दुसऱ्या वेळची भाकरी नाही तोही लग्नात टॉवेल-टोपीचा ढीग लावत होता. व्याह्यांनी तो ढीग धरला आणि त्याचा चौथरा केला. आहेराला दगड, बँडऐवजी सिमेंट, आणि वऱ्हाडी नाचतील तेवढा वेळ त्यांनी मुरमाच्या पाट्या उचलायच्या. वरच्या गल्लीतले आधी हसले. मग त्यांच्याही लेकींची लग्नं आली आणि मुरमाच्या ट्रॉल्या निमूटपणे खाली उतरू लागल्या.

मला हे ऐकून बरं वाटलं, पण आमच्या हिला अजिबात नाही. वरमाईचा मान म्हणून दगड, हे तिच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. लग्नाला निघताना तिने बाल्कनीच्या कोपऱ्यात मिक्सर आल्यापासून पडून असलेला माझ्या आईचा पाटा ओढून काढला. "दगडच हवाय ना? मग घरचाच घ्या म्हणावं," असं म्हणून तो गाडीत टाकला. वरवंटा मात्र राहिला घरीच, तिच्या रागाला एवढंच ओझं पेललं.

लग्नात माईकवरून आहेर पुकारला जाऊ लागला. "नांदेडचे मामासाहेब यांच्याकडून... दगड!" आमचे मेहुणे आधी लाल झाले आणि मग चक्क टाळ्या पडल्यावर फुलले. नंतर "वरमाईंकडून... पाटा!" असं ऐकू आलं आणि मांडवात हशा पिकला. ही ताठ मानेने उभी. व्याही आले, त्यांनी तो पाटा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. त्याच्यावरच्या टाकीच्या घावांच्या खुणा बोटांनी चाचपल्या. हळू आवाजात म्हणाले, "ईनबाई, ह्यो मी चौथऱ्याच्या पायात न्हाई घालणार. ह्याच्यावर कुणाच्या तरी हाताचं वाटण झालंय. ह्यो सगळ्यात वर बसंल, उघडा." भांडायला आणलेली वस्तू समोरच्याने डोक्यावर घेतली की भांडायचं कुणाशी?

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सूनबाई तिकडे गेली. तालुक्याच्या दवाखान्यात नातू झाला, दोघंही सुखरूप घरी आली. इकडे गणपती उठले आणि पाऊस बसला. असा बसला की हलेचना. मांजरेवरच्या वाटा बंद झाल्या, फोन लागेनासा झाला. मुलगा मोटारसायकल घेऊन निघाला तो पुलाच्या अलीकडूनच परत आला आणि ओल्या कपड्यांनिशी दारातच बसून राहिला. टीव्हीवर नुसतं पाणी दिसत होतं, कुठलं ते कळत नव्हतं. मला सारखी ती विटांवरची बाज आठवत होती. तिथे आता विटा कितीशा पुरणार? ही देवापुढे बसली होती. तिने दिवा लावला होता, पण हात जोडायचं ती विसरली होती.

दुपार कलता कलता फोन वाजला. वाऱ्याच्या घोंघाटात व्याही ओरडत होते. "पाव्हणं! समदे चौथऱ्यावर हायेत! गल्ली, शेरडं, पोरगी, बाळ, समदे! पाणी वरच्या थराला धडका देऊन राहिलंय, पर वर न्हाई आलं. आता उतरून राहिलंय. ईनबाईंना फोन द्या, लई जरुरी काम हाय!"

मी घाबरून फोन हिच्या हातात दिला आणि स्पीकर लावला. व्याही विचारत होते, "ईनबाई, आज बाळाची पाचवी हाय. आज सटवाई येती, नशीब लिहायला. बाया म्हणून राहिल्यात, पूजेला पाटा कुठून आणायचा. मी म्हनलो, पाटा तर इथंच बसलाय, नांदेडचा! आता मांडायचं कसं ते सांगा."

लग्नापासून त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलणारी आमची ही उभी राहिली आणि एकेक गोष्ट शांतपणे सांगू लागली. हळद-कुंकू नसलं तरी चालेल, असेल ते धान्य ठेवा, बाळाचं तोंड पाट्याकडे करा. सांगता सांगता थबकली. "पण वरवंटा... वरवंटा तर माझ्याकडेच राहिला हो."

पलीकडून वाऱ्यातून आवाज आला, "राहू द्या. चौथऱ्याच्या कडेला नदीनं एक गोल गोटा आणून टाकलाय. तोच ठेवतो. तिचं बी काहीतरी असू द्या पूजेत."

फोन बंद झाला आणि ही खाली बसून पोटभर रडली. मीही रडलो. मुलाने तेवढे ओले कपडे बदलले.

बारशाला गेलो तेव्हा ही वरवंटा पदरात गुंडाळून घेऊन गेली होती. व्याह्यांनी तो हातात घेतला, तोलला आणि तिलाच परत दिला. "आत्ता नको. नातवाच्या लग्नात आणा. पाणी दर साली शिकून येऊन राहिलंय, चौथऱ्याला अजून एक थर लागंल. तवा लागंल ह्यो." मग आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत हसून म्हणाले, "मी नसंन तवा. पर दगड तर येतील की."

आता त्यांना चौथऱ्याच्या पायऱ्या चढवत नाहीत. खालच्या पायरीवर बसून ते आल्यागेल्याला कुणाचा दगड कुठे आहे ते काठीने दाखवतात. फोनवर माझी चौकशी करत नाहीत, वरवंट्याची करतात. नातू अजून अंगणवाडीतही जात नाही. आमच्या ओट्यावर मिक्सर घरघरत असतो, आणि त्याच्या शेजारी, काहीही वाटायचं नसताना, हिने धुऊन ठेवलेला वरवंटा ओला असतो.