अडलं कुठं, तेवढं दाखव

"मला गणित येत नाही" असं कुणी म्हटलं की आमच्या गणिताच्या मॅडम त्याचं बोट धरायच्या आणि त्याच्याच वहीवर टेकवायच्या. "सगळंच येत न्हाई असं कुणाचंच नसतं. अडलं कुठं, तेवढं दाखव." मग ते बोट ओळीओळीवरून सरकत एका जागी थांबायचं. मुलगा वर बघायचा. मॅडम म्हणायच्या, "बराबर. इथपर्यंत येतं ना तुला? मंग?"

त्या 'मंग'चं उत्तर मुलानंच शोधायचं.

परतूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे घ्याल तेवढ्या तासांचे पैसे, आणि कायमचा माणूस आला की तुम्हाला नमस्कार. जुन्या जालन्यात घर, तिथून रोज गाडीनं यायच्या. मी मात्र कायम. विषय मराठी, आणि वर अकरावी सायन्सचा वर्गशिक्षक. गणिताचा आणि माझा संबंध दहावीलाच संपला होता, तोही दोघांच्या संमतीनं.

अकरावी सायन्सचा वर्ग तुम्हीही पाहिला असेल. गावच्या शाळेत मराठीतून शिकलेली, तिथं पहिली-दुसरी आलेली पोरं येतात. इथं पुस्तक इंग्रजी, गणित दुप्पट अवघड. पहिल्या चाचणीचे मार्क लागले की माझ्या टेबलावर अर्ज पडायला लागतात : गणित सोडून भूगोल मिळावा, ही विनंती. मी विनंत्या मान्य करण्यात फार उदार माणूस.

एका वर्षी एक मुलगी असाच अर्ज घेऊन आली. शाळेत पहिली आलेली, इंजिनियर व्हायचं म्हणून रोज एसटीनं येणारी. चाचणीत पंचवीसपैकी तीन. मी अर्ज वाचला. अक्षर फारच सुंदर होतं. म्हटलं, "वा, काय अक्षर आहे!" आणि सही केली. या सहीनं आपण हिचं इंजिनियरिंगचं दार लावतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मुलगी डोळे पुसत बाहेर गेली. मला वाटलं, कौतुकानं भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या.

"सर, तुम्ही तिला विचारलं का, अडलं कुठं?"

मी म्हटलं, मला विचारून काय कळणार? मला गणितातलं ओ की ठो कळत नाही.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू मी एखादी मोठी पदवी सांगितली. "मंग उद्या सकाळी सातला वर्गात या. अशाच माणसाची गरज हाय मला."

विषयबदलाची यादी जायला पंधरा दिवस होते. तेवढे दिवस त्यांनी प्राचार्यांकडून मागून घेतले. तोवर अर्ज माझ्या खणात राहणार, आणि मुलगी, मी आणि तिच्यासारखीच अडलेली आठ-दहा पोरं सकाळी सातला वर्गात. त्यासाठी मॅडम अंधारातच घर सोडायच्या, आणि तरी आमच्या आधी पोचलेल्या असायच्या. मी रोज पाच मिनिटं उशिरा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला फळ्याशी बोलावलं. साईन, पुढं कंस, कंसात दोन कोनांची बेरीज. सोडवा म्हणाल्या. मी घरात लाडू वाटावेत तसं केलं : एक साईन याच्या ताटात, एक त्याच्या. पोरं फिदीफिदी हसली. ती मुलगी तेवढी हसली नाही. ती आपली वही चाळत होती.

मॅडमनी तिच्या हातात खडू दिला. "सरांना तीस अन् साठ घालून दाखव."

मुलीनं लिहिलं. साईन तीस म्हणजे अर्धा. साईन साठ त्याहून बराच मोठा. दोन्ही मिळून एकाच्या वर गेले. मग तीस आणि साठ मिळून नव्वद, आणि साईन नव्वद बरोबर एक. माझे लाडू वाटणीत वाढले होते. मुलगी फळ्याकडं बघत उभी राहिली.

"मॅडम, दोन महिने मी हेच करून राह्यले. सगळ्या गणितांत."

"म्हंजे एकाच जागी अडलं व्हतं. आता सरांना समजून सांग, का वाटता येत न्हाई ते."

मला समजून सांगणं हे काम सोपं नव्हतं. तिनं आकृत्या काढल्या, कोनाला कोन जोडले, मी तिसऱ्या ओळीला मान हलवायचो आणि चौथ्या ओळीला पुन्हा पहिलाच प्रश्न विचारायचो. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "सर, तुम्ही मुद्दाम करून राह्यले का?" मी गूढ हसलो. दारावरून जाताना प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली, काय अभिनय करता हो! मी नम्रपणे मान खाली घातली. तुम्हाला म्हणून सांगतो, अभिनय नव्हता. मॅडमना ते माहीत होतं. त्या अशा वेळी खिडकीबाहेर बघायच्या.

पण मला समजावता समजावता मुलगी इंग्रजी शब्दांना घाबरेनाशी झाली, चिडली की फळ्यावर भराभर लिहायला लागली.

पंधराव्या दिवशी मॅडमनी पुन्हा चाचणी घेतली. तिला पंचवीसपैकी अकरा पडले. ती माझ्या टेबलाशी आली, आणि मी पुन्हा शहाणपणा केला. म्हटलं, अकरा म्हणजे काठावरच गं, यादी आज जाणार आहे, भूगोलाचा विचार कर.

"सर, राहिलेले चौदा कुठं गेले ते मला माहीत हाय," ती म्हणाली. "आधी ते पण माहीत नव्हतं."

आणि हात पुढं केला. मी खणातून अर्ज काढून दिला. तिनं तो माझ्यासमोरच फाडला. अक्षर खरंच सुंदर होतं.

ती मुलगी आता संभाजीनगरला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम कुठं आहेत, मला नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं, शहागडकडं एका शाळेत आहेत. त्यांचा जुना नंबर लागत नाही.

मुलगी बारावीत असताना गणिताला कायमचे शिक्षक आले. भले गृहस्थ. मॅडमचा शेवटचा दिवस ठरला. चार वाजता निरोप समारंभ, चहा, शाल, नारळ आणि माझं भाषण. भाषणात 'ज्ञानयज्ञ' हा शब्द मी तीनदा घातला होता. साडेचार झाले, मॅडमचा पत्ता नाही. चहा निवला. शेवटी शाल खांद्यावर, नारळ हातात अशा थाटात मी शोधायला निघालो.

त्या वर्गात होत्या. फळ्यापाशी ती मुलगी, गणित अर्ध्यावर. मी दारातूनच म्हटलं, मॅडम, सगळे थांबलेत. त्यांनी तळहात दाखवून मला जागीच उभं केलं.

"हिचं अजून निघालं न्हाई, सर."

तेवढ्यात स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. जालन्याची गाडी. मुलीचा हात थांबला. "मॅडम, तुमची गाडी..."

मॅडमनी फळ्यावरची नजर काढली नाही.

"गाडी गेली तर बस हाय. तू पुढची ओळ लिही."

मुलीनं लिहिली.