पिवळे डाग

सोसायटीच्या हिरवळीवर ताटलीएवढे पिवळे डाग पडले. गवत तहानलं असेल म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांवर मायेनं पाणी मारू लागलो. डाग वाढतच गेले.

एका सकाळी आमचे माळीकाका तिथं उकिडवे बसले आणि अगदी गवताला नाक लावून बघू लागले. दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू चमकत होते.

"साहेब, तहान कसली? बुरशी आहे ही. रात्रभर ओलं ठेवलंत तुम्ही गवत."

त्यांनी औषध फवारलं. मग रोज पहाटे ते बांबूच्या काठीनं दव झाडायचे. पलीकडच्या निरोगी हिरवळीवर जाण्याआधी पाय धुवायचे, देवळात शिरावं तसे. हळूहळू डाग भरून आले.

परवा मुलगी कोमेजलेली दिसली. उपदेश ओठांवर आला होता. तो गिळून मी तिच्याजवळ खाली बसलो.