बंद खाणीचे दाखले

खाकी उतरवून सात वर्षं झाली. चोऱ्या, भाऊबंदकीतल्या मारामाऱ्या, वाळूचे डंपर हे सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय. एका फोरमनचं प्रकरण मात्र अजून वारासकट लक्षात आहे. गुन्हा म्हणाल तर मामुली. पेपरात चार ओळी आल्या असतील नसतील. तरी मालवणातले दिवस आठवायला बसलो की सगळ्यांच्या आधी तोच माणूस समोर येऊन बसतो.

मी घाटावरचा. सहायक निरीक्षक म्हणून इथे बदली झाली तेव्हा मालवणी डोक्यावरून जायची. ती मला शिकवली आमच्या हवालदारांनी. सकाळची हजेरी झाली की ते स्टेशन डायरी उघडत, चष्मा पुसत आणि सांगत, "साहेब, आज ठीक आसा. दोन भाव आणि एक माड." म्हणजे माडाच्या हद्दीवरून भांडण. मग चहा यायचा. खिडकीतून सुकत घातलेल्या मासळीचा वास यायचा, त्याला मी पहिल्या महिन्यात नाक मुरडलं आणि बदली झाल्यावर त्याच वासासाठी झुरलो. शेवटी निवृत्तीनंतर इथेच घर केलं.

अशाच एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. खाडीच्या वरच्या अंगाला राहणारा एक निवृत्त फोरमन घरबसल्या बंद पडलेल्या खाणीचे अनुभवाचे दाखले वाटतो, आणि त्यावर माणसं परदेशी खाणीत जायला निघालीत, असा मजकूर होता. निनावी अर्जावर माझा फारसा विश्वास नसे. शंभरातले नव्वद जळफळाटातून येतात. पण उरलेले दहा सोडून चालत नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात एका तरुणाचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याकडे आला होता. बंदरावरच्या मुसलमान कुटुंबातला, तिशी ओलांडलेला. पूर्वी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लोहखनिजाच्या खाणीवर पोकलेन चालवायचा. खाण बंद झाली तसा देवबागला पर्यटकांची बोट हाकू लागला. परदेशातल्या एका खाणीने त्याची निवड केली होती. त्यांच्याकडे कुशल ऑपरेटर मिळत नाहीत म्हणे. भरती करणाऱ्या कार्यालयाने अनुभवाच्या दाखल्याची खातरजमाही आमच्याकडेच मागितली होती, आणि पंधरा दिवसांत अहवाल गेला नाही तर जागा दुसऱ्याला, असं स्पष्ट कळवलं होतं.

दाखला मी उलटसुलट पाहिला. कंपनीचा कागद अस्सल, शिक्का अस्सल. तारीख मात्र खाण बंद झाल्यानंतरची. बंद कंपनीचा दाखला द्यायला बसलं कोण?

पण मला खटकली ती तारखेपेक्षा शेवटची ओळ. 'हात साफ आहे. उतारावर यंत्र मागे घेताना घाई करतो. समज दिल्यास ऐकतो.' खोटा दाखला लिहिणारा माणसाचा दोष कशाला लिहील? मी हवालदारांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, ह्यो एकतर खुळो आसा, नायतर खरो."

फोरमनच्या घरी आम्ही पंच घेऊन गेलो. काजूच्या बागेत टुमदार घर, ओटीवर म्हातारा काजूबिया निवडत बसलेला. लपवाछपवी काही नाही. त्याने स्वतःच आतून फाइल आणून दिली. त्यात दिलेल्या प्रत्येक दाखल्याची कार्यालयीन प्रत होती, क्रमांक घालून, भोक पाडून, दोऱ्यात ओवून. सगळा जन्म कंपनीत गेलेला माणूस; प्रत ठेवल्याशिवाय त्याला कागद बाहेर देताच येईना. सेवेत मी बनावट कागदवाले बरेच पाहिले, स्वतःविरुद्धचा पुरावा असा टापटीप लावून ठेवणारा हा एकच.

फाइलच्या तळाशी नाकारलेल्यांचीही नावं होती. एकापुढे लिहिलं होतं, 'दिला नाही. यंत्रावर राग काढतो.' त्याने दाखल्यासाठी केलेली विनंतीची चिठ्ठीही तिथेच ओवलेली होती; तिचं अक्षर आणि निनावी अर्जाचं अक्षर मी ताडून पाहिलं. तक्रारदार सापडला.

दुसऱ्या दिवशी फोरमनला ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी हजर. मी दरडावूनच सुरुवात केली; तेव्हा तशीच सवय होती.

"सही कुणाची?"

"माझी."

"शिक्का?"

"कंपनीचो. खाण बंद झाली तेव्हा भंगारात टाकीत होते. मी घराक घेऊन इलंय."

"कंपनी बंद झालीय, माहीत आहे ना?"

"कंपनी बंद झाली. मी खंय बंद झालंय?"

हवालदार खिडकीबाहेर बघू लागले. हसू आलं की ते नेहमी तसंच करत.

एका दाखल्याचं काय घेतलंस, असं विचारल्यावर मात्र म्हातारा दुखावला. एकाने बांगडे आणले होते तेवढे खाल्ले, म्हणाला. मग सांगू लागला. खाण जोरात होती तेव्हा साहेब लोक म्हणायचे, इथल्या पोरांना यंत्र येत नाही, म्हणून ऑपरेटर बाहेरून आणायचे. यानेच दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गावातल्या पोरांना यंत्रावर बसवून तयार केलं. "आता तिकडचे म्हणतत, माणसां गावनत नाय. गावतली कशी? हेंच्या हातात काम आसा, पण कागद देवचो साहेब खाणीबरोबर गेलो. जेका येता, तेकाच लिवन दिलंय. तुमी बघा, मगे बोला."

त्याचं म्हणणं मी धुडकावू शकलो असतो. का कोण जाणे, नाही धुडकावलं. चार वाजता त्या तरुण ऑपरेटरला बोलावून, पंचांना घेऊन आम्ही जवळच्या जांभ्याच्या चिरेखाणीवर गेलो. मालकाने पोकलेन दिलं. फोरमनने एका चिऱ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि ऑपरेटरला म्हणाला, "उचल." भाकरीखाली उलथनं जावं तशी त्याने बकेट चिऱ्याखाली सरकवली. चिरा वर गेला, फिरला, पलीकडच्या थरावर बसला. तांब्यातलं चार थेंब पाणी सांडलं. आमच्या एका पंचाने टाळी वाजवली, फोरमनने त्या चार थेंबांसाठी कपाळाला आठी घातली. पुढे उतारावर यंत्र मागे घेताना त्या पोराने खरंच घाई केली आणि म्हातारा ओरडला, "सावकाश रे!"

मी ते सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

परत येऊन अहवाल लिहायला बसलो. छापील नमुन्यात प्रश्न होता: प्रमाणपत्र सदर कंपनीने दिलेले आहे काय? मी लिहिलं, 'नाही.' शब्द खरा होता. सोबत एक कागद जोडून चिरेखाणीवर काय पाहिलं ते लिहिता आलं असतं. हवालदारांनी सुचवलंही, "साहेब, चार वळी लिवा." मी म्हणालो, त्याला रकाना नाही. वरिष्ठ विचारतील, पोलीस अधिकारी यंत्र चालवण्याची परीक्षा कधीपासून घेऊ लागला? खरं सांगायचं तर मला कटकट नको होती.

आठ दिवसांनी ऑपरेटर आपले मूळ कागद न्यायला आला. जागा गेली होती. आधी कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलला, "साहेब, पोचपावतीवर सही कुठे करू?" सही केली, कागद पिशवीत घातले. दाराशी जाऊन थांबला.

"साहेब, त्या दिवशी तुमी थंय उभे होतास. तुमी बघितलास ना?"

मी हो म्हटलं.

"बरा," म्हणाला, आणि गेला. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

फोरमनवर गुन्हा दाखल झाला. वकिलाने सही नाकारायला सांगितली होती. म्हातारा कोर्टात म्हणाला, सही माझीच, नाही कशी म्हणू? चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटला. पुढे बाजारात भेटला की न चुकता राम राम करायचा, काजूगर द्यायचा, आणि त्या पोराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आता तो नाही. त्याची आठवण आली की जीव हळवा होतो. तसा शिस्तीचा माणूस आमच्या खात्यातही मी क्वचितच पाहिला.

अलीकडे जो तो म्हणतो, खाणीला कुशल माणूस मिळत नाही, इथे नाही आणि तिकडेही नाही. मी काही त्यातला जाणकार नाही. पण कुणी असं म्हटलं की मला देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाइफ जॅकेटचे बंद बांधून देणारे ते हात दिसतात. माणूस होता. त्याला अडवणाऱ्यांत एक मी होतो.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. सही कुणाची, हे आम्ही जन्मभर तपासलं. सहीच्या वर लिहिलेलं खरं आहे का, हे विचारायची वेळ माझ्यावर एकदाच आली, उत्तर मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिलो.

निवृत्तीच्या दिवशी खात्याने मला सेवेचा दाखला दिला. त्यात लिहिलंय, 'कर्तव्यात कसूर नाही.' बायकोने तो चौकटीत बसवून आणला. मी अजून भिंतीवर लावू दिलेला नाही.