रडणारं खोड आणि आमच्या मशिदीतला खांब

अब्बा अंथरुणाला खिळले होते, त्या दिवसांत मी दुवेसाठी हात उचलायचो आणि पुढे मला काही बोलताच यायचं नाही. त्यांना बरं कर, एवढंच तर मागायचं होतं. पण तोंड उघडायच्या आधी मनात यायचं, तू त्यांची माफी मागितलीस का? मी नमाज चुकवणारा माणूस नाही. तरी त्या महिन्यात माझी दुवा छताच्या वर जाते की नाही, याचीच मला शंका होती.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, घरात सुतारकाम. अंधेरीत आमचा कारखाना आहे आणि गल्लीच्या टोकाला आमची मशीद. तिच्यात चार सागवानी खांब होते. त्यातला खिडकीजवळचा, भिंतीलगतचा खांब म्हणजे अब्बांची जागा. असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज झाली की ते त्याला पाठ टेकून बसायचे आणि गल्लीतल्या मुलांना कुराण वाचायला शिकवायचे. चाळीस वर्षं त्यांनी ते केलं. त्यांच्या पाठीने आणि डोक्याच्या तेलाने तो खांब तेवढ्या भागात काळा तुकतुकीत झाला होता. मीही तिथेच शिकलो. सात-आठ वर्षांचा असताना कारखान्यातली पटाशी पळवून मी त्या खांबाच्या बुडाशी अलिफ, बे, ते कोरलं होतं. अब्बांनी एक सणसणीत ठेवून दिली आणि मग बसून त्या अक्षरांवर तेल चोळलं, लाकूड चिरू नये म्हणून.

त्या खांबाला टेकूनच ते आम्हाला मदिन्याच्या खोडाची गोष्ट सांगायचे. मदिन्याची मशीद तेव्हा साधी होती, खजुराच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्या. हजरत पैगंबर, आमचे नबीजी (स.), तिथल्या एका खोडाला टेकून लोकांशी बोलत. पुढे माणसं वाढली, मागच्यांना दिसेना, म्हणून वर उभं राहून बोलायला तीन पायऱ्यांचं मिंबर तयार झालं. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नबीजी त्या मिंबरावर चढले आणि ते खोड रडायला लागलं. पिल्लू दुरावलेल्या उंटिणीसारखा आवाज, आणि तो सगळ्या मशिदीने ऐकला. नबीजी मिंबरावरून खाली उतरले, त्यांनी खोडाला कवटाळलं, आणि रडतं मूल हळूहळू शांत व्हावं तसं ते शांत झालं. पुढे त्या खोडाचं काय झालं याबद्दल वेगवेगळं सांगतात. कोणी म्हणतात, तिथेच पुरलं. आज तिथे दगडी खांब आहे, त्याला 'उस्तुवाना हन्नाना' म्हणतात, म्हणजे विरहाने रडणारा खांब. पूर्वी त्याला सुगंधी लेप लावत. अब्बा हजला गेले तेव्हा गर्दीत लांबूनच त्यांना तो दिसला, आणि तेवढ्यावर ते वर्षभर खूश होते.

ही गोष्ट मला पाठ होती. म्हणूनच माझी चूक अजाणतेपणी झाली असं मला म्हणता येत नाही.

मशिदीची दुरुस्ती निघाली आणि लाकडाचं सगळं माझ्याकडे आलं. खांबांमुळे नमाजाची रांग तुटते, सफ अखंड हवी, असं ठरलं, आणि ते बरोबरच होतं. छताला लोखंडी तुळई घातली. ठेकेदाराने मला भिंतीलगतचा खांब दाखवून विचारलं, "ये एक रहने दूँ क्या? सफ में तो आता नहीं." मी म्हणालो, "चारों निकालो. एकटाच कसा दिसेल?" दिसण्याचा प्रश्न होता. मी नवं मिंबर केलं होतं, नक्षीचं, आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम. त्याच्या शेजारी तो तेलकट खांब मला नको होता. अब्बांना विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील हे मला माहीत होतं. खांब जोगेश्वरीच्या वखारीत गेले.

अब्बांसाठी मी हातांची, पाठीला गादी असलेली खुर्ची बनवली. त्यांनी ती हाताने चाचपली आणि म्हणाले, "सांधे बरे बसवलेस." परक्याच्या घरी बसावं तसे ते तिच्यावर बसायचे. मुलं एकेक करून कमी झाली, कारण खुर्चीवरच्या माणसाभोवती मांडी घालून कोण बसणार. मग ते फक्त जुम्म्याला येऊ लागले, मग घरीच नमाज पढू लागले. मी लोकांना सांगायचो, गुडघे दुखतात त्यांचे. गुडघे दुखतच होते, पण मी ते कारण किती सहज पुढे करत होतो, हे मला कळत होतं. मग ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी या वयात घरीच सांभाळा म्हणून सांगितलं. त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. उशांना टेकवलं की घसरायचे आणि छताकडे बघत राहायचे.

अशाच एका सकाळी कारखान्यासमोर टेम्पो थांबला. वर्सोव्याचा एक कोळी उतरला, पन्नाशीचा, आणि छातीएवढ्या उंचीचा सागवानी तुकडा त्याने खांद्यावरून खाली ठेवला.

"मिस्त्री, होडीच्या कामाला घेतला होता वखारीतून," तो म्हणाला. "खाली बघतो तर कोणा पोराने होडी काढलेली. म्हटलं बरंय, शकुन. पण शेजारचा इस्त्रीवाला तुमच्यातला, तो बोलला, होडी नाय रे ती, अक्षर आहे कुराणातलं. मग करवत चालवायला हात होईना. दोन मशिदींत विचारलं, तिथून तुझं नाव कळलं."

मी खाली बसलो. ती होडी म्हणजे माझं 'बे' होतं. खालचा ठिपका नको तितका खोल गेलेला, तिथे पटाशी निसटून माझा अंगठा कापला होता. वर अब्बांच्या पाठीचा काळा भाग तसाच होता. मला रडू फुटलं, गिऱ्हाईकासमोर, कारागिरांसमोर. तो बिचारा गडबडला, म्हणाला, "अरे काय झालं? ठेव ना तुलाच. मला दुसरं लाकूड दे." त्याला फरिश्ता म्हणावं, तर मी दिलेल्या लाकडात गाठ आहे म्हणून त्याने ते बदलून घेतलं. तरी मला वाटतं, ज्याला जे काम सांगितलं जातं ते तो करून जातो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुपारी मी तो तुकडा घरी नेला, पलंगामागे भिंतीला पट्ट्या मारून पक्का केला आणि अब्बांना हळूच मागे टेकवलं. त्यांनी मान फिरवली नाही. पाठीनेच ओळखला. हात मागे नेऊन ते लाकूड चाचपत राहिले.

"अब्बा, माझं चुकलं," मी म्हणालो. "तो ठेवता आला असता. मला ठेवायचा नव्हता."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "ठेकेदार बोलला होता."

म्हणजे वर्षभर त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या खुर्चीचे सांधे बरे आहेत म्हणून त्यांनी मला सांगितलं होतं. मला मान वर करवेना.

ते म्हणाले, "गोष्ट सांग ना रे. हन्नानाची."

मी सांगू लागलो. झावळ्या, मिंबर, तीन पायऱ्या, रडण्याचा आवाज. नबीजी खाली उतरले, इथवर आलो आणि थांबलो.

"मग?" अब्बांनी विचारलं.

"मग ते गप्प झालं."

"हां," अब्बा म्हणाले. "गप्प झालं." आणि त्यांनी डोकं मागे टेकलं. त्या संध्याकाळी त्यांनी वाटीभर पेज मागून घेतली.

अकरा दिवसांनी ते गेले. त्या अकरा दिवसांसाठी मी अल्लाहचा शुक्र मानतो, कारण ते माझ्या कमाईचे नव्हते. सजद्यात डोकं जमिनीला टेकणं मला लहानपणापासून जमत होतं. आपण केलेल्या मिंबरावरून खाली उतरणं मला जमलं नव्हतं, आणि त्यासाठी अल्लाहला वर्सोव्याहून माणूस पाठवावा लागला. तुकडा आता मशिदीत भिंतीलगत, जुन्या जागी उभा आहे. सफ तुटत नाही. असर झाली की मी मुलांना घेऊन त्याच्याजवळ बसतो, पण पाठ टेकत नाही. ती जागा अब्बांना विचारून घ्यायची होती, आणि मी कधी विचारलंच नाही.