एकशिक्षकी शाळा

बातमी चौदा ओळींची होती. ऐन उन्हाळ्यात सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर पाण्याचा टँकर आठवडाभर आला नव्हता. मी जव्हारला बसून फोनवर माहिती घेतली आणि सवयीने लिहिलं, 'नाव न सांगण्याच्या अटीवर एका शिक्षकाने सांगितले.' डेस्कने एकही शब्द बदलला नाही. त्या पाड्यावरची शाळा एकशिक्षकी आहे. तो शिक्षक माझा मित्र. जव्हारच्या वसतिगृहात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली होती.

त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्याचा फोन आला.

"नाव छापायचं तेवढं राहिलं रे. फोटोही टाकायचास."

मी विचारलं, "खुलासा कधीपर्यंत द्यायचाय? पत्रावर सही कुणाची आहे?"

"बघ. अजून बातमीच गोळा करतोयस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोन वर्षं बोलणं नव्हतं. मोखाड्याच्या बाजारात मी दिसलो की तो दुसऱ्या रांगेत वळे. मीही हाक मारत नसे. त्या काळात मला सगळ्याचाच थकवा आला होता, तो त्याच्यामुळे होता असं मात्र म्हणता येणार नाही.

पुढे आमची आवृत्ती बंद झाली. सकाळी उठून करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून फेसबुकवर लिहू लागलो. एसटी डेपो, नाचणीचा भाव, बंद पडलेला हातपंप. एका निवृत्त बाईंनी खाली लिहिलं, 'माहिती चांगली आहे. पण तुम्ही स्वतः कुठे होतात?' उत्तर मी तीनदा लिहून खोडलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मग त्या बातमीविषयी लिहिलं. चूक माझी होती, एवढंच. टाकण्याआधी मजकूर त्याला पाठवला आणि खाली विचारलं, 'टाकू का?'

पाड्यावर रेंज नाही. संध्याकाळी टेकाडावर चढलं की फोन लागतो, दिवसभराचे मेसेज एकदम येतात. तिसऱ्या संध्याकाळी उत्तर आलं. 'नको. परत मीच सापडेन. पण मला पाठवत जा.'

तसं सुरू झालं. एक प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. फोनवर मी एकावर एक प्रश्न टाकायचो, ते इथे जमत नव्हतं. मधली जागा भरायला स्वतःचं काही सांगावं लागे. गुडघा दुखतो, हे मी आधी त्याला लिहिलं, घरी नंतर सांगितलं. तोही लिहू लागला. वर्गातली मुलं, आईचं आजारपण, टेकाडावरचा वारा.

पुढच्या उन्हाळ्यात मोखाड्याच्या बाजारात त्याने स्वतः हाक मारली.

"काय वार्ताहर, गुडघा काय म्हणतो?"

चहा घेताना तो आईविषयी बोलत राहिला. दोनदा माझ्या ओठांवर 'कधी?' आलं. विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगितलं.

आता त्याची बदली झाली आहे, म्हणून हे लिहायला त्याची हरकत नव्हती. तरी आधी त्याला पाठवलं. आईविषयीचा एक परिच्छेद काढ, असं त्याने कळवलं. तो काढला आहे.