जित्या माशांना काय म्हणायचं?

मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव होतो म्हटलं की लोक विचारतात, "बीडात कुठले मासे?" होते हो! धारूरच्या डोंगराखालचं आमचं तळं भरलेलं असायचं, तेव्हा गप्पा मारायला कुणाला सवड नसायची. तळं आटलं, माणसं ऑफिसात नुसती बसायला लागली, आणि मग किस्सेच साठत गेले.

* * *

पहिला मान अर्थातच चेअरमन अण्णांचा. सोसायटी असो, दूध डेअरी असो, जिथे खुर्ची तिथे अण्णा! गळ्यात तुळशीची माळ. मासळीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही.

एकदा जिल्ह्याच्या साहेबांनी कौतुकानं विचारलं, "चेअरमनसाहेब, तुमच्या तळ्यातला सगळ्यात चांगला मासा कुठला?"

अण्णा म्हणाले, "जो पान्यातच ऱ्हातो, तो."

* * *

दुष्काळ पडला त्या वर्षी आम्हाला ट्रेनिंगला रत्नागिरीकडे नेलं. तळ्यात घोटाभर पाणी, आणि ट्रेनिंग समुद्राचं! सोबत आमचे सगळ्यात जुने सभासद भुजंगमामा होते. त्यांची बायको सखूमामी धारूरच्या बाजारात मासे विकायची, तीही आली होती.

तिथल्या सरांनी पडद्यावर फिल्म लावली. निळ्या पाण्यात चांदीसारखी तारली मासळी सगळीच्या सगळी एकदम वळत होती. सर म्हणाले, "हा तारलीचा थवा."

मामा उठलेच. "थवा पाखरांचा आस्तो की ओ!"

सर हसले. "डॉल्फिनचा कळप म्हणतात, तारलीचा थवा. आणि हे बघा देवमासे, यांची टोळी असते. थंडी आली की टोळी लांब लांब जाते, पिल्लांना सोबत घेऊन."

आमच्याकडे टोळी म्हणजे ऊस तोडायला जाणारी माणसं. दिवाळी झाली की ट्रक भरून टोळ्या जातात, गाव अर्धं रिकामं होतं.

मामीनं हळूच विचारलं, "लेकरं संगंच नेत्यात?"

"हो मावशी, संगंच."

"मंग त्येंचीबी शाळा बुडत आसंल!"

सर पोट धरून हसले. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

* * *

परत आल्यावर मामांच्या डोक्यात तो थवा घुमतच राहिला. "सचिव, आपल्यात काय म्हणत्यात ते बघा बरं." माझी बायको शाळेत मराठी शिकवते. तिचं व्याकरणाचं पुस्तक घेऊन मामांच्या घरी गेलो. त्यात सापडलं: माशांची गाथण.

"गाथण मंजी?"

"दोरीत ओवलेले मासे, मामा."

"ते तर मेल्यावर! जित्यांना काय म्हणत्यात?"

पुस्तकात पुढे काही नव्हतं. मामी दाराशी जाळ्याचं भोक शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी तर पोरं म्हनायचे. सकाळी होडीतनं वरडायचे, पोरं आली बघ वर!"

मामा म्हणाले, "हां. तवा पानी व्हतं."

* * *

त्याच साली मामा-मामी टोळीत गेले. निरोप द्यायला गेलो, तर ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर जाळं!

"मामा, ऊस काय जाळ्यानं तोडणार?"

"तिकडं नदी हाय म्हनं."

गुढीपाडव्याच्या सुमाराला परतले. मी लगेच विचारलं, "मग? घावला का मासा?"

"जाळं टाकलंच न्हाई. त्येंची नदी, त्येंची संस्था."

"मग एवढं ओझं नेलं कावून?"

मामा लाजल्यासारखे झाले. "भिजवून आनलं. लई दिस कोरडं व्हतं."

* * *

आणि हा त्या उन्हाळ्यातला. संस्थेची सभा लावली होती. सभासद कुठं पुण्याला, कुठं वीटभट्टीवर. आलो कोण? अण्णा, मी, मामा आणि मामी. कोरमला एक माणूस कमी. अण्णा टेबलावर बोटं वाजवत वाट बघत होते. कोरम भरला नाही तर सभा नाही, आणि त्या दिवशीही सभा झाली नाही तर संस्था गुंडाळायचा हुकूम वरून येणार होता.

एवढ्यात बाहेर टँकर आला. मामी घागर घेऊन पळाली. बऱ्याच वेळानं परत आली ती अगदी पाय मोजत, घागर पोटाशी धरून.

"सचिव, आत बघा."

घागरीत बोटाएवढा मासा फिरत होता! धरणावरून टँकरमध्ये आला असावा. मामा खाली बसले. घागरीच्या काठाला दोन्ही हात लावून बघत राहिले.

अण्णा खुर्चीवरून उठले. वाकून बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग टेबलावरची घरून आणलेली पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळीच्या सगळी घागरीत ओतली.

परत खुर्चीवर जाऊन बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले,

"सचिव, करा सभा सुरू. कोरम भरला."