जूनचं तिकीट

बारावीच्या वर्षी आम्ही नाताळला मस्कतला गेलो. तिथे माझी आत्या नर्स होती, तिचा नवरा, म्हणजे काकाही तिथेच नोकरीला. तिला बऱ्याच उशिरा, तीन महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता. तिने आम्हा चौघांना बोलावलं होतं: पप्पा, आई, मी आणि धाकटा भाऊ.

आमचं घर भाईंदरजवळ चौक गावात, समुद्राच्या अंगावर. होडीत मी कधी घाबरले नाही, पण विमानाची मला फार भीती वाटायची. पप्पांना म्हटलं, "तुम्ही जा, मी मामाय आजीजवळ राहते. फेब्रुवारीत परीक्षा आहे माझी." पप्पा म्हणाले, "आठ दिवसांचं काम. आत्याला वाईट वाटेल."

आईने बॅग भरली. बॉटल मसाला, सुके बोंबील, नाताळच्या गोड कुलकुल्यांचा डबा. माझी सगळी पुस्तकं तिने स्वतःच्या हाताने एका पिशवीत बांधली. "अभ्यास बुडाया नको," म्हणाली. मला भरून आलं. वर माझे दहा-बारा ड्रेस घातले, तेव्हा मी हसले. "आई, एवढे कपडे कशाला?" ती म्हणाली, "परदेश हाय. लोक बघतात."

विमान हललं तसं मी आईचा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. दोनदा उलटी झाली. माझी नखं तिच्या मनगटात रुतली होती. ती नुसती जपमाळ ओढत राहिली.

नाताळ छान झाला. चर्चमध्ये गोवेकर, मल्याळी, फिलिपिनो, सगळ्या जातीची माणसं. आत्याने माझ्यासाठी हिरवा फ्रॉक शिवून घेतला होता. बाळ माझ्या कडेवर गप्प राहायचं. आत्या ज्याला त्याला सांगायची, "बघा, कसा लळा लागलाय!" मला त्याचा अभिमान वाटायचा. पुस्तकांची पिशवी मात्र बांधलेलीच होती.

निघायच्या दोन दिवस आधी दुपारी जेवताना आत्या म्हणाली, "तुला परत विमानात बसायला नको ना? मग राहा माझ्याकडेच."

मी हसले. दुसरं कोणी हसलं नाही. पप्पा पापलेटचा काटा काढत बसले. आई पाणी आणायला उठली, खरं तर तांब्या भरलेला होता.

"माझी ड्युटी सुरू होतेय," आत्या म्हणाली. "बाळाला परक्या बाईकडे कसं टाकू?"

"आणि परीक्षा?"

"ऑक्टोबरला दे," पप्पा मान वर न करता म्हणाले. "बारावी काय पळून जातेय? तुझं तिकीट जूनचं हाय. व्हिसाचं काका बघतायत."

"मी जाते विमानाने. एकटी जाते. आत्ता."

आत्या समजुतीने म्हणाली, "कशी जाशील बाळा? तू किती घाबरतेस, ते मला तुझ्या आईने पत्रातच लिहिलं होतं. म्हणाली, परत विमानात बसण्यापेक्षा पोर राहायला तयार होईल."

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"हळू बोल," ती म्हणाली. "बाळ झोपलाय."

मी त्या दिवशी पुन्हा जेवले नाही. माझा पासपोर्ट काकांच्या कपाटात होता. विमानतळावर आईने मिठी मारायला हात पुढे केले, तेव्हा मी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि तशीच उभी राहिले. भाऊ काचेपलीकडून हात हलवत होता. त्याला तेवढा मी हात हलवला.

जूनमध्ये एकटी परत आले. भीती वाटायला मनात जागाच नव्हती. ऑक्टोबरला बसले, पास झाले. तोवर माझ्या मैत्रिणी भाईंदरच्या कॉलेजात पुढच्या वर्गात बसायला लागल्या होत्या. मी एक वर्ष मागे, नव्या मुलींमध्ये.

आईशी त्या विषयावर एकदाच बोलणं झालं, माझं लग्न ठरलं तेव्हा. ती अंगणात कोळंबी सोलत होती.

"आत्यानं पप्पांना शिकवलं, नोकरीला लावलं," ती म्हणाली. "तिला न्हाय कसं म्हणायचं?"

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हटलं असतंस."

"हो," मी म्हटलं.

तिने पुढची कोळंबी उचलली.